रावसाहेब सगळं करू देतात

शिरवळ
३ मार्च २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. पाकीट बघून तुझे यजमान, म्हणजे आमचे नाथामामा, घाबरतील. त्यांना आधी सांग, कोर्टाची नोटीस नाही, माझं पत्र आहे. तुला फोन केला की तू तो स्पीकरवर टाकतेस. मग तू, मामा, शेजारच्या भामाबाई आणि दारात थांबलेलं जे कोण असेल ते, सगळे मिळून माझ्याशी बोलता. परवा मी 'मुलगा कसा वाटला' एवढंच विचारलं, तर पलीकडून भामाबाईंनी 'उंचीला बरा हाय म्हणत्यात' असं उत्तर दिलं. म्हणून हे पत्र. तूही पत्रच लिही.

औंधला आमच्या घरी बघण्याच्या कार्यक्रमाला तू आलीस, दोन डिश पोहे खाल्लेस, सारखी खोकलीस आणि एक शब्द न बोलता एसटीत बसून गेलीस. तू आणि गप्प? पप्पांना तेव्हापासून चैन नाही. सख्ख्या बहिणीनं पोरीच्या स्थळाला नाव ठेवलं नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय, असं त्यांचं म्हणणं.

मला दिग्विजय आवडलाय, आधीच सांगते. फलटणला ऊस आहे, घर मोठं आहे, दिसायला कसा आहे ते तू बघितलंसच. पण खरी गोष्ट तुला माहीत नाही. आम्हा दोघांना मागच्या अंगणात बोलायला पाठवलं, तेव्हा तो पहिलंच वाक्य काय म्हणाला असेल? 'लग्नानंतर मी तुला नोकरी करू देईन.' मी न विचारता. इथं कंपनीत माझ्याशेजारी सोनिया बसते, तिला आलेल्या प्रत्येक स्थळानं आधी राजीनामा मागितला. हा म्हणाला, नोकरी करू देईन, घरचं आवरून. जीन्सपण घालू देईन, फलटणच्या बाहेर. मैत्रिणी ठेवू देईन, त्यानं एकदा बघितल्यावर. किती मोकळ्या मनाचा आहे बघ.

पप्पांनी शब्द जवळजवळ दिलाय. तुमच्या गावची जत्रा झाली की सुपारी फोडायची म्हणतात. तुझं मत कळल्याशिवाय मला काही गोड लागायचं नाही. तेव्हा खोकू नकोस, लिही.

तुझी
समीक्षा


मेंढेवाडी, ता. आटपाडी
९ मार्च २०२५

चि. समीक्षास राहीआत्याचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. पाकीट आधी पोस्टमननं उजेडाकडं धरून बघितलं, मग तुझ्या मामांनी बघितलं, मग माझ्या हातात आलं. भामीला मी काय बी सांगितलं न्हाई. ती सकाळपास्नं साखर मागायला येत्या आन् साखर न नेताच जात्या.

खोकल्याचं म्हणशील तर पोह्यात मिरची लय हुती. पोरगा देखणा हाय, त्यात वाद न्हाई. थोरामोठ्यांच्या पाया पडतोय, आवं-जावं करतोय. बाकी माझं मत मी आत्ता सांगत न्हाई. तू रागावशील, आन् रागावलीस की तू जेवत न्हाईस.

माझं दुसरंच एक काम हाय. आमचं नाटक अडलंय. तुला ठावं हाय, आमच्या जत्रंला दरसाल एकच नाटक व्हतं, 'रावसाहेबांचं लगीन'. शाळंतल्या जुन्या मास्तरांनी लिवलेलं. आख्ख्या गावाला पाठ, तरी माणसं दरसाल पोट धरून हसत्यात. रावसाहेब सगुणेला मागणी घालाया येतोय, लय फुशारक्या मारतोय, आन् शेवटाला सगुणा हार टोपलीत परत ठिवून निघून जात्या. एवढीच गोष्ट. मी विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करते. लगीन होऊन आले तवा बायांनी स्टेजवर चढायचं न्हवतं. सासरे म्हणले, वाचता येतंय न्हवं, बसू दे तिला विंगेत. तवापास्नं बसलीया. केस पिकलं, अजून तिथंच हाय.

तर रावसाहेबाचं काम आमचे लालासाहेब करायचे. त्यांनी औंदा सगळं दात काढून कवळी बसवली, आन् 'द' म्हणलं की कवळी सुटत्या. परवा तालमीत ती टेम्पोवाल्या पप्पूच्या मांडीवर जाऊन पडली. रावसाहेबाच्या बोलण्यात 'द' लय हाय, त्याला काय करायचं. तवा म्हणलं, तुझ्या दिग्विजयरावांना विचारावं. देखणं हायत, आवाज हाय, आन् मेन रोल हाय. जावई गावच्या नाटकात उभा राहिला तर आमची बी मान वर. तू फकस्त त्यांच्या कानावर घाल, नाटकाची वही मी धाडते.

मामांचा आशीर्वाद. भामी परत आलीया.

तुझी
राहीआत्या


फलटण
१७ मार्च २०२५

आदरणीय आत्यासाहेब,

दिग्विजयचा साष्टांग नमस्कार. आपल्याकडे फोन सर्वांसमक्ष होतो असे समीक्षाने सांगितले, म्हणून पत्राने कळवतो.

नाटकाची वही मिळाली. प्रमुख भूमिकेसाठी आपण माझी निवड केलीत, याबद्दल आभारी आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला मी निवेदन केलेले आहे, त्यामुळे स्टेजची भीती नाही.

वही दोनदा वाचली. रावसाहेब हे पात्र फार उंचीचे आहे. माणूस घरंदाज आणि समजूतदार. मुलीला तोंड झाकून हसू देतो, माहेरी जाऊ देतो, स्वतःचे बोलून झाल्यावर तिलाही बोलू देतो. आजकाल इतके कोण देते? असे असूनही शेवटी सगुणा हार टोपलीत ठेवून निघून जाते, हे मला समजले नाही. बहुधा मधले एखादे पान गहाळ झाले असावे. ते पान मी लिहून काढले आहे. त्यात तिला आपली चूक कळते आणि ती पाया पडते. रावसाहेब तिला क्षमा करतात. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी येईल.

नाटक थोडे जुने असल्याने रावसाहेबांच्या तोंडी आजच्या काळातली काही वाक्येही घातली आहेत. ती माझ्या स्वतःच्या अनुभवातली आहेत.

एक विनंती. लोक मध्येच हसतात, असे समीक्षाच्या वडिलांकडून समजले. लग्नासारख्या गंभीर विषयात ते बरे दिसत नाही. तरी दोन स्वयंसेवक उभे करावेत. समीक्षाने पहिल्या रांगेत बसायला माझी हरकत नाही.

आपला नम्र
दिग्विजय


मेंढेवाडी
२८ मार्च २०२५

चि. समीक्षास आशीर्वाद.

दिग्विजयराव रविवारी तालमीला येऊन गेले. पांढरी गाडी, गॉगल, माझ्यासाठी साताऱ्याचं कंदी पेढं. सगळ्यांच्या देखत पाया पडले. मी काय बोलत न्हाई, नुसतं झालं ते सांगते.

सगुणेचं काम आमचा पप्पू करतोय. टेम्पो चालवतोय तोच. मिशीला वस्तरा लावत न्हाई, म्हणून त्याची सगुणा सगळं नाटकभर पदर नाकावर धरून लाजत असत्या. लालासाहेबांबरोबर काम करताना गडी मजेत असायचा. रविवारी मातर दोन प्रवेश झाले आन् पदर सोडून माझ्याकडं आला. म्हणला, 'काकी, लालासाहेब असं बोलायचं तवा मला हसू यायचं. ह्यो बोलतोय तर मला माझ्या घरी जावंसं वाटतंय.' म्हणलं, का रं? तर म्हणला, 'लालासाहेबांना ठावं असतंय की रावसाहेब गाढव हाय. ह्याला ठावं न्हाई.'

मी त्याला गप केलं. पावण्यांबद्दल असं बोलू नये.

लालासाहेब कोपऱ्यात बसून बघत हुते. जाताना त्यांनी कवळी काढून खिशात घातली आन् बोबडं बोबडं म्हणले, 'राहीबाई, मी एवढी वर्सं नुसती नक्कल करत हुतो. आज अस्सल माल बघितला.' त्यांच्या डोळ्यात पाणी हुतं. आता ते कवळीमुळं का कशामुळं, मला ठावं न्हाई.

पेढं चांगलं हुतं.

तुझी
राहीआत्या


शिरवळ
४ एप्रिल २०२५

आत्या,

'मी काय बोलत न्हाई' असं लिहून तू सगळं बोलून मोकळी झालीस. पप्पूदादाच्या तोंडून बोललीस, लालासाहेबांच्या तोंडून बोललीस. विंगेत बसून दुसऱ्याच्या तोंडी वाक्य द्यायची तुला सवयच लागलीय.

तो बिचारा जीव तोडून पाठ करतोय. रोज मला फोनवर नाटक म्हणून दाखवतो. मी त्याला विचारलं, हे नाटक विनोदी आहे, माहीत आहे ना? म्हणाला, 'हो, सगुणा विनोदीच आहे, सारखी नको नको म्हणते.' मी त्याला समजावणार होते, पण तो पुढचं वाक्य म्हणायला लागला, आणि त्याचं सगळं म्हणून झाल्यावर त्याला झोप आली. दमतो गं तो. उसाच्या तोडी चालू आहेत.

खरं सांगायचं तर त्यातली काही वाक्यं मला ओळखीची वाटली. जुनी नाटकं सगळी सारखीच असतात, म्हणून असेल.

तुम्हाला त्याचं काय खुपतंय तेच मला कळत नाही. दारू नाही, तंबाखू नाही, हुंडा नको म्हणतो. माझ्याशी एकदाही आवाज चढवून बोलला नाही. इथं मुलींना कसली कसली स्थळं येतात ते तुला माहीत नाही.

जत्रेला पप्पा आणि मी येतोय. तिथं लोक त्याला हसले आणि त्यात तुझा हात आहे असं मला दिसलं, तर आत्या, मी पुन्हा तुझ्या दारात येणार नाही. हे मी रागात लिहिलेलं नाही. जेवून लिहिलंय.

समीक्षा


मेंढेवाडी
२१ एप्रिल २०२५

समीक्षा,

नाटकाच्या दुसऱ्या दिशी तू पयल्या एसटीनं गेलीस, माझ्याकडं वळून बघितलं बी न्हाईस. माझ्या दादानं, तुझ्या पप्पानं, चहा घेतला न्हाई. फोन केला तर तू कट करतीस. म्हणून लिवते. वाचायचं तर वाच.

विंगेतनं मला माणसं दिसत न्हाईत. मला दिसत्यात दिग्विजयरावांची पाठ, पप्पूची खोटी येणी आन् वही. तू हसलीस का रडलीस, मला ठावं न्हाई. मी नुसता आवाज ऐकते. सुरवातीला पोरं दरसालसारखी हसली. मग दिग्विजयरावांनी आपली वाक्यं काढली. ती वहीतच न्हाईत, मी काय सांगणार? वही मिटून बसले. 'नोकरी करू देईन, घरचं आवरून.' मंडपात असा हशा मी आजवर ऐकला न्हवता. 'जीन्स घालू देईन, फलटणच्या बाहेर.' पप्पू बिचारा नऊवारीत उभा, त्यानं खाली आपल्या पायांकडं बघितलं, आन् बायांच्या बाजूला कुणीतरी शिट्टी मारली. भामीच असणार.

अंक झाल्यावर ते विंगेत आले, घामाघूम, आन् इतकं खूश. म्हणले, 'आत्यासाहेब, लोकांना फार भावतंय.' मला त्यांची कीव आली गं, देवाशपथ. म्हणलं, दिग्विजयराव, लोक का हसत्यात ते सांगू का? तर म्हणले, 'नंतर सांगा, आता मी मूडमध्ये आहे.'

शेवटाला त्यांचं नवं पान आलं. पप्पूनं हार टोपलीत ठिवला आन् वळला. ते म्हणले, 'सगुणा, पाया पड.' पप्पू हलंना. परत म्हणले. मग पप्पूनं पदर सोडला, सगळ्या जत्रंला मिशी दिसली, आन् म्हणला, 'न्हाई पडत, जा.' हे बी वहीत न्हाई. पप्पू गेला निघून. दिग्विजयराव स्टेजवर एकटे. वाकून माझ्याकडं बघत्यात, वाक्य द्या म्हणून. एवढ्या वर्सांत मी स्टेजवर कुणाला अडू दिलं न्हाई, पर त्या दिशी माझं त्वांड उघडंना. मग त्यांनी लोकांकडं बघितलं, हात वर केला आन् म्हणले, 'ठीक आहे. मी हिला जाऊ देतो.'

त्याच्या फुडं मला काय ऐकू आलं न्हाई. मंडपाचं खांब हालत हुतं.

व्हय, मी मुद्दाम केलं. औंधला अंगणाकडच्या खिडकीत मी पोह्याची डिश घेऊन उभी हुते. त्यांचं पयलं वाक्य कानावर आलं आन् घास नरड्यात अडकला. असली वाक्यं मी जलमभर विंगेतनं पुरवल्यात, मला ती झोपंत बी ओळखू येतील. तुला तवाच सांगितलं असतं तर तू म्हणली असतीस, आत्याला नाटकाचा नाद हाय, तिला सगळीकडं रावसाहेब दिसतोय. म्हणून म्हणलं, तुझं तूच ऐकावं. दारात येणार नसशील तर नगं येऊ. मला वाईट वाटंल, पर मी सोसंन. तू त्या घरात तोंड झाकून हसत बसलीस तर ते मला सोसायचं न्हाई. लगीन करणारच असशील तर तेवढं कळीव, साडी घेऊन ठिवलीया.

आत्या


शिरवळ
२९ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

मी रागावून गेले नव्हते.

तुला विंगेतून माणसं दिसत नाहीत, तर मी सांगते. मी पहिल्या रांगेत होते, शेजारी भामाबाई. पप्पा पलीकडे पुरुषांत. अजिबात हसायचं नाही असं ठरवून आले होते. तोंड झाकून हसायचं वाक्य आलं तेव्हा मी ओठ दाबून धरले. माहेरच्या वाक्याला जमिनीकडे बघितलं. मग 'नोकरी करू देईन, घरचं आवरून' आलं, आणि आत्या, सगळ्यात आधी मी हसले. मांडीवर हात मारून. बाकीची जत्रा माझ्यानंतर हसली. भामाबाई डोळे पुसत मला म्हणाल्या, 'असल्याच्या गळ्यात कोण येडी माळ घालंल गं?' मी म्हणाले, 'हो ना.' आणि मग ते हसू तसंच तोंडात राहिलं.

तुला एक लिहिलंच नव्हतं. औंधच्या अंगणात तो हे वाक्य म्हणाला, तेव्हा मी त्याला 'थँक्यू' म्हणाले होते. नुसतं थँक्यू नाही, 'थँक्यू सो मच'. इथं येऊन त्या आनंदात सोनियाला बिर्याणी खाऊ घातली होती. माझी नोकरी, मी परीक्षा देऊन मिळवलेली, पहाटे उठून बसनं जाते ती, ती त्यानं मला दिली म्हणून मी त्याचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्याकडे बघितलं असतं तर रडले असते, आणि एसटी चुकली असती.

वाटेत एसटी मायणीला थांबली. पप्पा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, 'मी बी लय हसलो गं. हसता हसता आठवलं, मी सगळ्यांना सांगतो, मी पोरीला शिकू दिली. माझ्याबरोबर मिलिटरीतनं रिटायर झालेल्या सगळ्या पलटणीला सांगितलंय.' मी म्हणाले, पप्पा, तुमची गोष्ट वेगळी. ते म्हणाले, 'असंल.' औंधला उतरल्यावर त्यांनी विचारलं, 'फलटणला फोन तू करतीस का मी करू?' मी म्हणाले, मी करते.

फोन केला तर दिग्विजयला वाटलं, अभिनंदनाचा आहे. मी सांगितलं, मला हे लग्न करायचं नाही. त्यानं कारण विचारलं. मी म्हणाले, तू बोलत होतास आणि मला हसू आवरत नव्हतं. तो म्हणाला, 'सगळेच हसले, मी मनाला लावून घेतलेलं नाही.' मग थोडा विचार करून म्हणाला, 'तुझा नकार मंजूर आहे का, ते आईला विचारून कळवतो.' अजून कळवलेलं नाही. मी वाट बघत नाहीये. पुढच्या वर्षी रावसाहेबाचं काम मात्र त्यालाच पाहिजे म्हणतो. त्याला करायला लावा. तुम्हाला दुसरा असा मिळायचा नाही.

आणि सगुणा तू कर, आत्या. सगळं नाटक पाठ असलेली तू एकटी आहेस. विंगेत मी बसते. वय झालं असं म्हणू नकोस, पप्पूदादाला मिशी होती.

तुझीच
समीक्षा


मेंढेवाडी
८ मे २०२५

चि. समीक्षास आशीर्वाद.

तुझं पत्र मी भामीला वाचून दावलं. आपण कुणाला येडी म्हणलो ते कळल्यापास्नं ती साखर मागायला येत न्हाई. तू एकदा येऊन तिच्या हातचा चहा पिऊन जा, न्हाईतर ती सुकंल.

पप्पूनं सगुणा मला सोडली. म्हणला, 'काकी, लुगडं नेसून मी एवढी वर्सं नुसता उभा हुतो. औंदा पयल्यांदा कुणीतरी मला बाई समजून बोललं. बास झालं.' त्याची बायको सांगत हुती, नाटकातनं घरी आल्यापास्नं सारखं विचारतोय, तुला काय पायजे का, तुला काय पायजे का. तिला भीती वाटाय लागलीया.

मग ऱ्हायले तुझे मामा. सांजच्याला म्हशीम्होरं वैरण टाकत हुते. म्हणलं, आवं, फुडल्या जत्रंला मी स्टेजवर जाणार हाय. सगुणा करणार हाय. ते म्हणले, 'कर की. मी कुठं न्हाई म्हणतोय. मी तुला करू दे...' आन् तिथंच थांबले. वैरणीची पेंढी हातात तशीच. मी नुसती बघत ऱ्हायले. म्हस बी बघत ऱ्हायली, तिला भूक लागलेली.

मग त्यांनी पेंढी खाली ठिवली. म्हणले, 'पडदा ओढायला कोण हाय?'

म्हणलं, अजून कोण न्हाई.

'मग मी ओढतो,' म्हणले. 'कवा ओढायचा, तेवढं तू सांग.'

तुझी
राहीआत्या